वाचकांचे प्रश्न : गरम वाइन, टॉडी आणि पंच

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला शिकते. नाताळच्या सुट्टीत घरी आली असताना तिने तिकडच्या बाजारात मिळणारी ग्लूवाइन, म्हणजे मसालेदार गरम वाइन, आम्हांला करून दाखवण्याचे ठरवले. नाशिकचीच लाल वाइन, दालचिनी, लवंगा आणि संत्र्याच्या चकत्या असे सर्व एकत्र करून आम्ही चहासारखे दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळले. पण पेय इतके कडू आणि तुरट झाले, की कोणालाच संपवता आले नाही. वाइन चुकीची होती की कृती? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाइन चुकीची नव्हती. चूक ‘चहासारखे उकळले’ या दोन शब्दांत आहे, आणि ती इतकी सर्रास होते, की तिची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिले कारण संत्र्याचे. आपण बहुधा नागपुरी संत्रे वापरले असणार, कारण त्याचा आंबिया बहार नेमका याच दिवसांत बाजारात असतो. या संत्र्याचा रस ताजा असताना गोड लागतो. मात्र तो तापवला किंवा बराच वेळ तसाच ठेवला, तर त्यात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. बियांमध्ये आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात तर ते अधिकच असते. बियांसकट चकत्या पंधरा मिनिटे उकळल्यावर पेय कडू होणे अटळ होते. दुसरे कारण वाइनचे. तिच्यातील मद्यार्क 78 अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळणारा असल्याने खळखळत्या उकळीत तो पाण्याच्या आधी उडून जाऊ लागतो, फळांचा नाजूक गंधही त्याच्याबरोबर जातो, आणि द्राक्षाच्या सालीतून आलेले तुरट टॅनिन मात्र आटत गेलेल्या पेयात मागे राहून दाट होते.

मसाल्यांना उकळी लागते आणि वाइनला ती सोसत नाही, म्हणून दोन्ही कामे वेगळी करावीत. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीसाठी अर्धी वाटी पाण्यात 60 ते 80 ग्रॅम साखर, दोन इंच दालचिनी, चार-पाच लवंगा, एक बाद्यान आणि दोन ठेचलेले वेलदोडे घालून बारीक आचेवर दहा मिनिटे उकळावे. मसाल्याची पूड वापरू नये. ती गाळणीतून उतरते आणि पेय गढूळ होते. दालचिनी साध्या बाजारात मिळते ती बहुधा जाड सालीची आणि उग्र असते, म्हणून तिचा एकच तुकडा पुरतो. या पाकात वाइन ओतून आच अगदी मंद ठेवावी. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफेला वास सुटला, की गॅस बंद करावा. स्वयंपाकघरात तापमापक असेल, तर 70 अंशांच्या पुढे जाऊ नये. त्यानंतर संत्र्याच्या सालीचा फक्त नारिंगी भाग पातळ काढून आत टाकावा, झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्यावे, गाळावे आणि पुन्हा कोमटाहून थोडे अधिक गरम करून द्यावे. बिया काढलेल्या ताज्या फोडी हव्या असतील, तर त्या कपात घालाव्यात, पातेल्यात नव्हे.

भांडे स्टीलचे किंवा मुलामा दिलेले असावे. वाइन आंबट असते. कल्हई गेलेल्या पितळी किंवा तांब्याच्या पातेल्यात ती तापवली, तर तांबे पेयात उतरते आणि ते शरीराला अपायकारक आहे. सणासुदीला घरातील जुनी पितळी पातेली हौसेने बाहेर निघतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

वाइन निवडताना महागडी, लाकडी पिंपात मुरवलेली बाटली या कामी खर्ची घालू नये, कारण पिंपाचा तुरटपणा मसाल्यांशी भांडतो. शिराज या काळ्या द्राक्षांची साधी, फळांच्या चवीची, तरुण लाल वाइन उत्तम. गोव्याकडील गोड पोर्ट वाइन वापरणार असाल, तर साखर आधी अजिबात घालू नका. चव पाहून मगच ठरवा.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या मुलीला रंजक वाटेल. ग्लूवाइन कशाला म्हणावे, हे युरोपीय संघाने 2014 च्या नियमांत ठरवून दिले आहे : ती केवळ लाल किंवा पांढऱ्या वाइनपासून केलेली असावी, तिला मुख्यतः दालचिनीचा किंवा लवंगेचा स्वाद असावा, मद्यांश किमान 7 टक्के असावा आणि, गोडीसाठी लागेल तेवढे सोडून, वरून पाणी मिसळू नये. आपली अर्धी वाटी पाणी पाकापुरतीच आहे, तेव्हा तीही या शिस्तीला सोडून नाही. ड्रेस्डेनचा नाताळ बाजार 1434 पासून भरतो. अशा बाजारांत अनामत रक्कम ठेवून मिळालेला जाड मातीचा मग दोन्ही तळव्यांत धरून लोक कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उभे राहतात. तो जाड मग महत्त्वाचा आहे. आपल्या स्टीलच्या पेल्यात ओठ भाजतात आणि पेय लवकर निवते.

प्रश्न : आमच्याकडे सर्दी झाली, की मोठ्यांना गरम पाण्यातून रम आणि लहान मुलांना चमचाभर ब्रँडी देण्याची जुनी पद्धत आहे. यंदा सासूबाईंनी चार वर्षांच्या नातवासाठी तसे सुचवले. द्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. लहान मुलाला ब्रँडी चमचाभरही देऊ नये. मुलांच्या रक्तातील साखर मद्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि त्यांच्या कोवळ्या यकृताला ते झेपत नाही. सासूबाईंची माया खरी आहे, म्हणून त्यांना दुखावून नव्हे, तर डॉक्टरांसमोर हा विषय काढून समजावणे बरे.

मोठ्यांच्या बाबतीतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. मद्य घेतल्यावर ऊब येते, कारण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराच्या आतले गरम रक्त कातडीकडे येते. ही ऊब आतून उसनी आणलेली असते. उघड्यावर थंडीत बसलेल्या माणसाचे शरीर त्यामुळे प्रत्यक्षात अधिक लवकर थंड होते. शेकोटीभोवती रात्रभर बसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सर्दीची झोप आणणारी औषधे किंवा पॅरासिटामॉल चालू असताना मद्य घेऊ नये. गरम पाणी, लिंबू आणि मध यांनी घशाला जो आराम मिळतो, तो रमविना तितकाच मिळतो.

औषध म्हणून नव्हे, तर आवडीने टॉडी, म्हणजे गरम पाण्यातले गोड मद्य, करायची असेल, तर कपात एक चमचा गूळ, आल्याची चकती, दोन लवंगा आणि लिंबाची फोड घालून त्यावर 150 मिलिलिटर गरम पाणी ओतावे आणि शेवटी 45 मिलिलिटर रम घालावी. रम गॅसवरच्या पातेल्यात कधीही ओतू नये. 40 टक्के मद्यांशाच्या पेयाची वाफ साधारण 26 अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या घरातील रोजच्या तापमानालाही.

प्रश्न : ‘पंच’ हे पेय मूळ आपल्याकडचे, असे नाताळच्या मेजवानीत कोणीतरी सांगितले. ते खरे आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : बहुतांशी खरे मानले जाते, आणि तो धागा आपल्या सावंतवाडीच्या अगदी शेजारून जातो. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर होता. गोव्यातील नेरूळला उत्तम अर्राक, म्हणजे माडाची दारू, तयार होते आणि तिच्यापासून इंग्रज लोक पाच पदार्थांचे पेय करतात, पाच म्हणूनच त्याला ते नाव, असे त्याने लिहून ठेवले आहे. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच, असे सामान्यतः सांगितले जाते. काही भाषाभ्यासक मात्र शंका घेतात, कारण त्या काळच्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘पुंच’ असा होत असावा आणि तो ‘पाच’शी नीट जुळत नाही. हा शब्द इंग्रजीत 1632 च्या एका पत्रात आढळतो आणि ते पत्रही कंपनीच्या भारतातील माणसाचेच आहे, त्यामुळे पेयाची ओळख त्यांना इथे झाली, याकडे माझा कल आहे.

टॉडीबद्दल तर असा वादही नाही. आपली ताडी इंग्रजांच्या तोंडी टॉडी झाली, आणि अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये गरम पाणी व साखर घातलेल्या व्हिस्कीला तेच नाव मिळाले. झाडावरून उतरवलेल्या थंडगार रसाचे नाव असे वाफाळत्या पेल्याला जाऊन चिकटले, हे मला आजही नवलाचे वाटते.

प्रश्न : पाहुण्यांत काही जण मद्य घेत नाहीत आणि एकाला गाडीही चालवायची असते. वाइन भरपूर उकळून मद्य उडवून दिले, तर त्यांना चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालणार नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवल्यावरही मद्याचा सुमारे 35 टक्के भाग उरतो आणि तासाभराने 25 टक्के. जो मद्य घेत नाही, त्याला न सांगता असे पेय देणे मला विश्वासघातासारखे वाटते. जर्मन बाजारांत मुलांसाठी वेगळा पंच असतो, तोच मार्ग धरावा : काळ्या द्राक्षांचा आणि सफरचंदाचा रस समप्रमाणात घेऊन वरचाच मसाला वेगळ्या पातेल्यात उकळून घालावा, रस गोड असल्याने साखर वगळावी आणि शेवटी लिंबू पिळावे. दोन्ही पेयांचा रंग सारखाच दिसतो, म्हणून मग वेगवेगळ्या रंगांचे ठेवावेत आणि डावही वेगळा वापरावा.