जोडीने विमानप्रवास करताना
दोघांची तिकिटे एकाच पीएनआरवर काढावीत आणि वेब चेक-इन सुरू होताच आसने निवडावीत. आम्ही मुंबईहून गोव्याला जाताना हे विमानतळापर्यंत लांबवले, तेव्हा मला ७ बी आणि सौभाग्यवतींना २६ ई मिळाले, आणि थालीपिठांचा डबा तिच्याकडेच राहिला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची २०२४ मधील शेजारी बसवण्याची सूचना १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, नवरा-बायकोसाठी नाही. अदलाबदल मागायचीच असेल, तर आपले खिडकीचे किंवा कडेचे आसन देऊन समोरच्याचे मधले मागावे. उलटे मागितल्यास नकाराचे वाईट वाटून घेऊ नये. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी माणसे सरकतात, इथे सरकायला जागाच नसते.