'ब्रॉन्झ व्हीनस'चं पोस्टर 1938 चं नाहीये (आणि ब्लॅक सिनेमाची पोस्टर्स बघायची कशी)

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, 'द ब्रॉन्झ व्हीनस'चं पोस्टर 1938 चं ओरिजिनल म्हणून ऑनलाइन विकायला आलंय ते घ्यावं का, आणि अमेरिकेतल्या ब्लॅक सिनेमाची पोस्टर्स जमवायची तर सुरुवात कुठून करावी.

पहिल्याचं उत्तर आधी देते. 1938 चं म्हणून जो भाव सांगतायत त्या भावात अजिबात घेऊ नका. 1938 ला या नावाचा पिक्चरच नव्हता. तेव्हा तो आला 'द ड्यूक इज टॉप्स' या नावाने, हिरो राल्फ कूपर, आणि लीना हॉर्न त्यात अगदी नवखी. पुढे ती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत गेली, 1943 ला 'केबिन इन द स्काय' आणि 'स्टॉर्मी वेदर' लागोपाठ आले, देशभर नाव झालं, आणि टॉडी पिक्चर्स या कंपनीने तोच जुना पिक्चर नवीन नाव देऊन परत थेटरात लावला, आता जाहिरात सगळी लीनाच्या नावावर. म्हणजे तुमचा कागद खरोखर जुना असू शकतो, पण तो री-रिलीजचा आहे. री-रिलीजचं पोस्टर म्हणून चांगलंच आहे, फक्त किंमत त्या हिशोबाने द्या.

आता दुसरा भाग. ही पोस्टर्स नुसती शोभेची म्हणून जमवू नका हो, अगदी कळकळीने सांगते. साधारण 1915 ते 1950 या काळात काळ्या प्रेक्षकांसाठी, काळे नट घेऊन जे पिक्चर निघाले, ज्यांना रेस फिल्म म्हणतात, ते पाचशेच्या आसपास होते आणि त्यातले शंभरसुद्धा आज शिल्लक नाहीत. बाकीच्यांचं काय उरलंय तर पोस्टर, लॉबी कार्ड (थेटरच्या आत लावायचं छोटं छापील कार्ड), वर्तमानपत्रातली जाहिरात, एखादा स्टिल फोटो. नोबल जॉन्सन आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी 1916 ला ओमाहा शहरात लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली, जॉर्ज पोस्टात नोकरी करता करता पिक्चरचं बुकिंग सांभाळायचा, आणि त्या कंपनीच्या कामापैकी आज 'बाय राइट ऑफ बर्थ'चे थोडेसे तुकडे सोडले तर काही बघायला मिळत नाही. पण जॉर्जने आयुष्यभर कात्रणं, पत्रं, जाहिराती जपून ठेवल्या, त्या आता लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आहेत, आणि त्या काळाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं खूप काही त्या एका माणसाच्या जपणुकीमुळे आहे.

ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाचं नाव ऐकलं असेलच. त्याचा 1920 चा मूकपट 'विदिन अवर गेट्स', ज्यात लिंचिंग, म्हणजे जमावाने माणसाला ठार मारणं, सरळ पडद्यावर दाखवलंय आणि त्यावरून शिकागोत सेन्सॉरशी भांडण झालं, तो कित्येक वर्षं हरवलेलाच होता. 1970 च्या दशकात एक प्रिंट सापडली ती स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' नावाने, आणि मधली अक्षरांची कार्डं स्पॅनिशमधून परत इंग्रजीत करावी लागली! आपल्याकडच्या मूकपटांचं काय झालं ते माहीत असलेल्या माणसाला हे वाचून फार लागतं.

माझा सगळ्यात जीव आहे तो नॉर्मन कंपनीच्या पोस्टर्सवर. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला रिचर्ड नॉर्मन म्हणून एक गोरा निर्माता होता, त्याने काळ्या नायकांना वैमानिक, काउबॉय अशा भूमिका दिल्या जेव्हा हॉलिवूड त्यांना नोकर नाहीतर विदूषक यापलीकडे जाऊ देत नव्हतं. 'द फ्लाइंग एस' (1926) च्या पोस्टरवर विमानाचा असा थरार आहे की बघत राहावं, आणि शूटिंगमध्ये विमान जमिनीवरून उठलंसुद्धा नव्हतं. 'द बुल-डॉगर' (1922) मध्ये बिल पिकेट आहे, खराखुरा रोडिओवाला, बैलाचा ओठ दातात धरून त्याला लोळवणारा. त्या पिक्चरचे थोडे तुकडेच उरलेत, पोस्टर मात्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट बघता येतं, आज रात्रीच बघा.

पोस्टर बघताना कुणाचं नाव किती मोठं आणि कुणाचा चेहरा कुठे हे आधी बघायचं. लीनाचं उदाहरण वर दिलंच. उलटं उदाहरण 2013 चं, 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' इटलीत लागायच्या आधी तिथल्या काही पोस्टर्सवर ब्रॅड पिट मोठा आणि नायक चिवेटेल एजिओफोर खाली छोटासा, ओरड झाली म्हणून ती मागे घेतली. 1971 ला मेल्विन व्हॅन पीबल्स या काळ्या दिग्दर्शकाने तर जाहिरातीतच छापलं होतं की आपल्या पिक्चरला एक्स रेटिंग (फक्त प्रौढांसाठीचं) सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीने दिलंय. तिथून पुढे 'शाफ्ट', 'सुपर फ्लाय', पॅम ग्रियरची 'कॉफी' आणि 'फॉक्सी ब्राउन', पोस्टरभर एकच माणूस ताठ उभा, हातात बंदूक. त्या लाटेवर काळ्या संघटनांनीच टीका केली होती आणि ती टीका मला पटते, पण चित्रकाम जबरदस्त आहे यात वाद नाही.

सुरुवात याच सत्तरच्या दशकातल्या लॉबी कार्डांपासून करा, 11 बाय 14 इंच, बहुधा आठचा सेट, सुटी कार्डंही मिळतात आणि खिशाला झेपतात. मोठं पोस्टर घेताना माप विचारा, जुनं वन शीट, म्हणजे थेटरचं नेहमीचं मोठं पोस्टर, 27 बाय 41 इंच असतं, 24 बाय 36 सांगितलं तर बहुतेक नवीन छपाई. ऐंशीच्या आधीची वन शीट सहसा घडी घालून पाठवायचे, त्यामुळे घडीच्या खुणा दिसल्या तर घाबरू नका, उलट 1920 चं पोस्टर कोरं करकरीत गुळगुळीत असेल तर संशय घ्या. खालच्या कोपऱ्यात 72/ असं काही असेल तर पहिले दोन आकडे वर्षाचे, थेटरांना पोस्टर्स पुरवणाऱ्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीचा नंबर तो, आणि आधी R हे अक्षर असेल तर री-रिलीज. रेस फिल्मच्या छोट्या कंपन्यांच्या पोस्टरवर हा नंबर बऱ्याचदा नसतोच, तेवढ्यावरून खोटं ठरवू नका. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की नवा कागद निळसर चमकतो, 1950 च्या आधीचा सहसा नाही. कापडावर चिकटवलेलं असेल तर कुठे रंग भरलाय का ते विचारून घ्या.

तुमच्या त्या विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा आणि खालच्या पट्टीचा जवळून फोटो मागवा आणि इथे टाका, मी बघून सांगते.