फिगर स्केटिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला खेळाडू कसे जातात? नॅशनल जिंकलं की झालं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी ९ वर्षांची आहे, नाशिकमध्येच स्केटिंगच्या क्लासला जाते, डिस्ट्रिक्टला मेडल आहे आणि आता टीव्हीवर बर्फावरचं बघून मागे लागलीये, तर नॅशनल जिंकली की वर्ल्डला पाठवतात का. नुसत्या नॅशनलवर नाही पाठवत. माझी भाची बर्फावर खेळते म्हणून हे सगळं मला घरबसल्या शिकावं लागलं, तेवढं सांगतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करा. आपल्याकडे कॉलेज रोड, इंदिरानगर साइडला संध्याकाळी जे चालतं ते चाकावरचं, त्यातही बहुतेक स्पीड. त्याची फेडरेशन वेगळी, बर्फाची वेगळी, तिकडे आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया आणि तिच्या वर आयएसयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना. डिस्ट्रिक्टचं मेडल तिकडे धरत नाहीत. बॅलन्सचा फायदा होतो, पोरगी पडायला घाबरत नाही, बस.

आता मेन मुद्दा. वर्ल्डसाठी दोन गोष्टी लागतात, जागा आणि मार्क. जागा देशाची असते, खेळाडूची नाही. प्रत्येक मेंबर देशाला प्रत्येक प्रकारात एक जागा मिळतेच, जास्तीत जास्त तीन. वाढीव जागा मागच्या वर्ल्डच्या निकालावर ठरतात. देशाचा एकच खेळाडू असेल आणि तो पहिल्या दोनात आला तर पुढच्या वर्षी तीन जागा, तिसरा ते दहावा आला तर दोन. दोन किंवा तीन खेळाडू असतील तर त्यातल्या सर्वात वरच्या दोघांच्या नंबरची बेरीज करतात, १३ पर्यंत आली तर तीन, २८ पर्यंत दोन. म्हणजे पाचवा आणि आठवा आले तर तीन जागा, पाचवा आणि नववा आले की एक गेली! जपान, अमेरिकेत याच एका नंबरवरून रडारड होते. आणि जागा देशाची असल्यामुळे ज्याने मिळवली तोच जाईल असंही नाही. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकला अमेरिकेने नॅशनलमध्ये चौथ्या आलेल्या अ‍ॅशली वॅग्नरला पाठवलं आणि तिसरी आलेली मिराई नागासू घरी बसली, कारण निवड समितीने आधीच्या सीझनचा रेकॉर्डही बघितला. मला ते अजूनही पटत नाही पण नियमात बसत होतं.

आपल्याला मात्र जागेचं टेन्शन नाही, एक आहेच. अडतं ते मार्कांवर.

आयएसयू मिनिमम टेक्निकल स्कोर ठरवते. स्पर्धेत दोन फेऱ्या असतात, छोटी शॉर्ट प्रोग्राम आणि मोठी फ्री स्केट, त्यात शॉर्टचा स्कोर वेगळा आणि फ्रीचा वेगळा. दोन्ही एकाच स्पर्धेत यायला हवेत असं नाही, पण चालू किंवा मागच्या सीझनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच आले पाहिजेत, नॅशनलचे मार्क धरत नाहीत. आकडे बदलत राहतात, त्यामुळे त्या त्या सीझनचं सर्क्युलर बघायचं. फोर कॉन्टिनेंट्सलाही, म्हणजे युरोप सोडून बाकीच्यांची जी असते तिलाही, असंच मिनिमम आहे, आणि ज्युनिअर वर्ल्डलाही.

आणि टेक्निकल म्हणजे फक्त टेक्निकल. ड्रेस, म्युझिक, हावभाव, सादरीकरणाचे मार्क यात येत नाहीत. भाचीची मार्कशीट माझ्याकडे आहे, प्रत्येक जंप आणि स्पिनसमोर बेस व्हॅल्यू, म्हणजे त्याचे ठरलेले मार्क, मग ते किती चांगलं केलं यावर जजेसनी दिलेले मायनस पाच ते प्लस पाच. डबल अ‍ॅक्सल नावाच्या जंपची बेस व्हॅल्यू ३.३०, ट्रिपल टो लूप या जंपची ४.२०. तिने शॉर्ट प्रोग्राममध्ये डबल अ‍ॅक्सलला हवेत अंग लवकर उघडलं, गिरक्या कमी पडल्या आणि सिंगलच झाली, त्या ओळीत सरळ शून्य. कमी मार्क नाही, शून्य! कारण शॉर्टमध्ये सातच एलिमेंट असतात आणि जे ठरलंय तेच करावं लागतं. पूर्ण फिरून पडली असती तर काहीतरी हातात आलं असतं, हे समजावताना तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

ऑलिम्पिकचं अजून कडक. २०२६ च्या मिलानसाठी सिंगल्समध्ये पुरुष-महिला प्रत्येकी २९ जागा होत्या, २४ बोस्टनच्या २०२५ वर्ल्डमधून भरल्या आणि उरलेल्या ५ बीजिंगच्या क्वालिफायरमधून. तिथे प्रत्येक देशाला आपोआप जागा वगैरे काही नाही. ग्रां प्री म्हणून दरवर्षी स्पर्धांची मालिका असते, तिचं डोक्यात घेऊ नका, ती आमंत्रणावर चालते.

वयाचं म्हणाल तर भरपूर वेळ आहे. ज्युनिअरला १ जुलैच्या आधी १३ पूर्ण लागतात, सीनिअरला आता १७, आधी १५ होते, २०२२ मध्ये वाढवायचं ठरलं.

खरी अडचण बर्फाची. निफाडला पारा कितीही खाली जाऊ दे, गंगापूर धरण काही गोठत नाही. मॉलमधलं गुरुग्रामचं रिंक आहे, डेहराडूनचं मोठं रिंक २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलं, मग कित्येक वर्षं बंद पडलं आणि २०२५ मध्ये परत सुरू झालं. शिमल्याचं उघड्यावरचं, थंडी असेल तेवढंच. आपली फिगर स्केटर तारा प्रसाद भारताकडून खेळते पण ट्रेनिंग अमेरिकेत. नाशिकहून रोज सरावाला जाणं शक्यच नाही, कधीतरी घर हलवायचा प्रश्न येणार, तो आत्ता नका काढू.

आत्ता एवढंच करा, सुट्टीत दिल्लीकडे गेलात तर तिला तासभर बर्फावर सोडा. तिथे थंडी म्हणून जाड मोजे घालू नका, पाय बुटात हलतो आणि घोटा आत वळतो. पातळ मोजे, नाड्या घट्ट, आणि हातमोजे मात्र नक्की.