मुकादम: पाटील, हजेरीवाला की दलाल?

एका वाचकाचा प्रश्न असा: "शिवकालीन पत्रात 'मोकदम' म्हणजे पाटील असं शिकलो. आमच्याकडे मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा. पुण्यात आलो तर झाडलोट करणाऱ्यांची हजेरी घेणारा मुकादम निघाला. शब्द एकच आहे का? आणि शेवटी मुकादम म्हणजे दलालच ना?"

शब्द एकच आहे. 'दलालच ना' याला मात्र माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते का ते नीट सांगायला हवं.

मूळ अरबी शब्द मुकद्दम, म्हणजे 'पुढे ठेवलेला', 'पुढे केलेला'. त्याच धातूतून पाऊल या अर्थाचा 'कदम' आला आणि ग्रंथाच्या आधी येणारी प्रस्तावना, म्हणजे 'मुकद्दिमा', हाही तिथलाच. (आपल्या कदम आडनावाचा याच्याशी संबंध नाही, ते कदंबाकडे जातं.) फारसीच्या वाटेने शब्द दख्खनेत आला तेव्हा कागदोपत्री 'मोकदम' झाला. पुढे बोलण्यात द्द मधलं एक द सुटलं, आधीचा अ लांबला आणि मुकादम रूढ झाला.

गावाने पुढे केलेला माणूस तो मोकदम. सरकारचा शेतसारा गावाकडून वसूल करून द्यायचा, गावाच्या वतीने कौल, म्हणजे सरकारचं लेखी आश्वासन, घ्यायचा आणि काही चुकलं तर आधी त्यानेच जाब द्यायचा. शिवाजी महाराजांचं १६४६ चं रांझ्याचं पत्र सर्वांना माहीत आहे. त्यातला बदअमल, म्हणजे गैरवर्तन, करणारा रांझे गावचा पाटील 'मोकदम' म्हणूनच येतो आणि तो करत होता ती 'मोकदमी'. मोकदमी हे वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, होतं, त्यामुळे ते वाटून घेता येई, विकताही येई. जुन्या कागदांच्या मायन्यात 'मोकदमानि मौजे अमुक' असं दिसलं की काही जण ते आदरार्थी समजतात किंवा 'मोकदमाने' असं वाचतात. ते फारसी अनेकवचन आहे: अमुक गावचे मोकदम. नागपूरकडे मालगुजारीच्या काळातही गावाचा मुकद्दम होताच.

पाटीलकी 'पाटील' या शब्दाकडे राहिली आणि मुकादम गाव सोडून माणसांच्या टोळीकडे गेला. जमीन बदलली, काम तेच राहिलं. दहा-वीस माणसांच्या पुढे उभा राहून 'ही माझी माणसं, काय ते मला विचारा' म्हणणारा तो मुकादम. मुंबईच्या कापूस बाजारात माल ताब्यात घेणं, नमुने काढणं, वजनावर लक्ष ठेवणं हे काम मुकादमाचं होतं. व्यापाऱ्याच्या हिशेबात दलाली वेगळी लागे आणि मुकादमी वेगळी. मुकादम म्हणजे दलाल नव्हे, याला मला हाच मोठा पुरावा वाटतो, कारण व्यापारी एकाच कामाचे दोनदा पैसे देत नाही.

माथाडींच्या टोळीलाही मुकादम असतो. तो पाठीवर पोती घेणाऱ्यांतलाच एक. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर टोळ्यांची मंडळात नोंद होऊ लागली, तरी टोळीच्या पुढच्या माणसाचं नाव बदललं नाही. पालिकेचा मुकादम पगारी. आमच्या कोपऱ्यावरच्या आरोग्य कोठीत, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी, सकाळी सहाला हजेरी होते. नाव पुकारलं की उत्तर येतं आणि मुकादम कुठली गल्ली कुणाला ते सांगतो. गिरण्यांत हेच काम जॉबर करी. दाराशी ताटकळणाऱ्या बदली कामगारांतून आज कुणाला आत घ्यायचं हे त्याच्या मर्जीवर असे आणि त्या मर्जीची दस्तुरी, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागे. बायकांच्या खात्यावर नाईकीण असे. नायक म्हणजे नेणारा, मुकादम म्हणजे पुढचा. दोन भाषांनी एकच जागा दाखवली आहे.

आता ऊसतोड. बीडकडे दसऱ्याच्या आधी 'औंदा कुणाच्या टोळीत?' हा प्रश्न घरोघर असतो. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम उचलतो, तिचा कागद त्याच्या नावावर होतो आणि ती तो कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. या वाटलेल्या पैशाला 'उचल' म्हणतात. एका फडाच्या कडेला मुकादमाची वही मी पाहिली आहे. रेघा मारून चार रकाने केले होते: नाव, उचल, खर्ची, खाडे. खर्ची म्हणजे हंगामात पोटापुरते मिळणारे पैसे, खाडे म्हणजे न आलेले दिवस. नावाच्या रकान्यात प्रत्येक जोडीतल्या फक्त पुरुषाचं नाव होतं. मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईचं नाव वहीत कुठेच नव्हतं.

उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. कोयता पळाला तर कारखाना मुकादमाला धरतो आणि मुकादम कोयत्याच्या घरच्यांना. सारा बुडाला की मोकदमाला धरायचे, तीच ही रीत. पुढे उभा राहणारा माणूस जामीन असतो, आणि जामीन राहणाऱ्याच्या हाती आपोआप धाक येतो. मुकादमाने माणसं डांबून ठेवल्याच्या बातम्या येतात, त्या याच धाकातून. म्हणून हा शब्द दलालापासून वेगळा काढताना मी मुकादमाला चांगलं म्हणत नाही. उलट दलालापेक्षा त्याची पकड जास्त घट्ट असते. दलाल हाही अरबीच शब्द, मूळ अर्थ वाट दाखवणारा. 'दलील' त्याच्याच घरातली. विकणारा आणि घेणारा एकत्र आणून दिला, दलाली घेतली, की तो मोकळा. मुकादम सहा महिने त्याच फडावर, त्याच पालांत असतो. बऱ्याचदा तो त्याच गावचा, त्याच भावकीतला, आणि काही वर्षांपूर्वी स्वतःही कोयता चालवलेला असतो. वर्तमानपत्रात 'मध्यस्थ' किंवा 'दलाल' छापलं की हे सगळं पुसलं जातं. मध्यस्थ दोघांच्या मधे असतो, मुकादम टोळीच्या पुढे. कंत्राटदार म्हणायलाही हरकत आहे, कारण कंत्राटदाराला माणसांची नावं माहीत असावी लागत नाहीत.

घरात 'नुसती मुकादमी करू नकोस, हात लाव' असं म्हणतो तेव्हा या शब्दाची आणखी एक छटा दिसते: स्वतः न राबता हुकूम सोडणारा. हा अर्थ राबणाऱ्यांनी दिलेला आहे, त्यामुळे मला तो कोशातल्या अर्थाइतकाच मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्त्याने शेवटी विचारलं होतं की जुनं पत्र उतरवताना 'मोकदम' तसंच ठेवावं की 'मुकादम' करावं. 'मोकदम' तसंच ठेवा आणि पुढे कंसात 'पाटील' लिहा. 'मुकादम' केलंत तर आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी उसाचा फड येईल.