‘रोज 60 रुपयांनी काय होतंय ओ, मॅडम?’

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. रक्कम बदलते, कुणी 20 म्हणतं, कुणी 100, पण सूर तोच असतो. डोक्यावर लाखाचं कर्ज आणि हातात चिल्लर, मग फेडायला घेऊन उपयोग काय? उत्तरादाखल बेळगावच्या वडगावातल्या एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई घरीच शिवणकाम करतात, ब्लाऊज आणि फॉल-पिको. नवरा यंत्रमागावर. सुताचा भाव चढला की मालक माग थांबवतो आणि घरातली अर्धी मिळकत थांबते. त्या माझ्याकडे आल्या त्या कर्जासाठी नव्हेच, झोप लागत नाही म्हणून. मोबाइल मांडीवर पालथा ठेवलेला. तो थरथरला की पदराखालून अंगठ्याने कडा उचलून नंबर बघायचा, पुन्हा पालथा घालायचा. पाऊण तासात सात वेळा. आठव्या वेळी मी विचारलं, “कोण आहे?”

“गटवाले.”

मग सगळं बाहेर आलं. मी आधी एक गोष्ट सरळ विचारून घेतली, कर्जाच्या माणसाला मी ती नेहमी विचारते: जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का? “एकदा आलं होतं,” म्हणाल्या. म्हणून पहिल्या दिवशी हिशेब केलाच नाही. बहिणीला बोलावून घेतलं, तिला सांगितलं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा फुकट नंबर दोघींच्या मोबाइलमध्ये घातला. कागद-पेन्सिल दुसऱ्या भेटीला.

“एकूण किती?” “80,000 असतील.”

कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर लिहायला बसलो. गटकर्जं (मायक्रोफायनान्स कंपनी बायकांच्या गटाला देते ती छोटी कर्जं) दोन, एकाचे 22,000 बाकी, दुसऱ्याचे 31,000. सोसायटीत बोरमाळ ठेवून काढलेले 40,000. किराणा दुकानाची उधारी 4,200. बेरीज करणार तेवढ्यात त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि खाली स्वतःच लिहिलं, ‘नणंद 15,000’. हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. एकूण 1,12,200.

त्यावर मी म्हणाले, रोजची एक फॉल-पिको कर्जाची समजा. त्यांचा दर 60 रुपये. तेव्हा तो वरचा प्रश्न आला.

प्रश्न चुकीचा नव्हता. दोन्ही गटांचे हप्तेच महिन्याला 4,350. त्यापुढे रोजचे 60 म्हणजे महिन्याचे 1,800. आकड्यांनी कुणाची समजूत काढता येत नाही, म्हणून मी ती काढली नाही. “पहिले कुणाचे द्यावेसे वाटतात?” एवढंच विचारलं.

“किराणावाल्याचे.”

आता व्याजाच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा. त्या उधारीला व्याज शून्य, गटकर्जाला वर्षाला 24 टक्के. पण दुकान गल्लीच्या तोंडाशीच. ते टाळायला त्या मागच्या बोळातून बाजारात जायच्या आणि पोरगा शाळेला जाताना दुकानासमोरून पळत सुटायचा. मी हो म्हणाले. 60 प्रमाणे 70 दिवसांचं काम, लागले 88. मधे अमावस्या, पाहुणे, एकदा सुई तुटली म्हणून दिवस बुडाला. मुलाच्या चौकटीच्या वहीतलं पान शिलाई मशीनवर चिकटवलं होतं, एक घर म्हणजे 60 रुपये. भरलेलं घर त्या ब्लाऊजवर खुणा करायच्या निळ्या खडूने रंगवायच्या. हात लागला की पुसलं जायचं आणि पुन्हा रंगवावं लागायचं. पेन वापरा म्हटलं तर “पुन्हा रंगवायला बरं वाटतंय की ओ” म्हणाल्या.

एकटीने मात्र हे 88 दिवस निभले नसते. त्यांच्या ओळखीतल्या तिघी मंगळवारी दुपारी त्यांच्याकडे बसू लागल्या. एक भाजीवाल्या अक्का, एक शाळेत बिसिऊट, म्हणजे मुलांचं दुपारचं जेवण, रांधणाऱ्या, एक पोळीभाजीचे डबे देणाऱ्या. सगळ्या कर्जातल्याच. ‘गट’ हा शब्द त्यांना नको होता, कारण ज्या गटातून कर्ज काढलं तिथे एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसायच्या. एकमेकींच्या जामीन म्हणजे एकमेकींच्या वसुलीवाल्या. म्हणून इथे मी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बजावल्या: कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत, आणि कुणी कुणासाठी सही करायची नाही. फक्त आपला कागद उघडायचा आणि आठवड्याचा आकडा मोठ्याने वाचायचा. शून्य असेल तर शून्य वाचायचा. अक्का कन्नडभाषक. एकीचा आकडा झाला की “मुंदे” म्हणायच्या, म्हणजे पुढची. शून्याला पण “मुंदे”च.

याच अक्कांनी एक काम केलं जे मला जमलं नसतं. ताईंचं गटकर्जाचं कार्ड कन्नडमधलं. ताई कन्नड बोलतात फर्डं, पण वाचता येत नाही. आपल्याकडे मराठी शाळेत शिकलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी जणींचं असंच. दोन वर्षं ते कार्ड डब्यात पडून होतं. अक्कांनी बोट ठेवत वाचलं आणि कळलं की 22,000 चे हप्ते फक्त 13 राहिलेत. ताई अजून दोन वर्षं धरून चालल्या होत्या. खरं तर कार्ड कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियमच आहे. मराठीत मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

नियमांचं निघालंच आहे तर आणखी दोन. अशा मायक्रोफायनान्स कर्जाच्या वसुलीला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. आणि 2025 च्या कर्नाटकच्या कायद्याने सगळी गटकर्जं माफ झाली असं गल्लोगल्ली ऐकू येतं, ते खरं नाही. तो कायदा बिगरनोंदणी सावकारीवर आणि वसुलीतल्या दांडगाईवर आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या कंपनीचं कर्ज त्यात माफ होत नाही. या गैरसमजापायी हप्ते थांबवून बसलेली घरं मी पाहिलीत.

दुकान फिटल्यावर ताईंना बोरमाळ सोडवायची होती. या वेळी मी अडवलं. सोन्याचं व्याज 12 टक्के, महिन्याला 400, ते वेळेवर भरत राहा. जादाचे पैसे 24 टक्केवाल्याकडे जाऊ देत. पण तिथला माणूस हप्त्यावरचे सुटे पैसे घेईना. मग रोजचे 60 पिग्मीत. पिग्मी आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको, 1928 साली उडुपीला सुरू झालेली ही रीत इथल्या दर बाजारपेठेत मुरली आहे. मात्र एरवी कर्ज असताना पिग्मी वाढवत बसू नये असंच मी सांगते, कारण तिथे मिळतं त्याच्या कितीतरी पट इकडे जातं. ही फक्त गोळा करायची पिशवी होती.

गणपतीत गाडी घसरली. तीन आठवडे शून्य, वर साडीच्या दुकानातून 3,000 उचल. दोन मंगळवार ताईंनी दार लावून घेतलं. तिसऱ्या मंगळवारी तिघी बाहेर पायरीवरच बसल्या आणि आपापले आकडे वाचू लागल्या. आतून मशीनचा आवाज थांबला. थोड्या वेळाने दार उघडलं, “शून्य. आणि 3,000 वाढलेत.” अक्का म्हणाल्या, “मुंदे.” मी तिथे असते तर बहुतेक काहीतरी शहाणपणाचं बोलले असते. नव्हते ते बरं झालं.

ते 3,000 आधी फेडले. दिवाळीच्या तोंडावर पिग्मीतले साडेसहा हजार आणि ब्लाऊजच्या गर्दीतले आठ-नऊशे घालून त्या पहिलं गटकर्ज बंद करायला गेल्या. चार हप्ते राहिले होते. काउंटरवर सांगितलं, मुदतीआधी बंद केलं तर दंड पडेल. मायक्रोफायनान्स कर्जाला असा दंड लावता येत नाही, हे आम्ही मंगळवारी घोकून ठेवलं होतं. अक्का सोबत होत्या, त्या कन्नडमधून जे काही बोलल्या ते ताई मला अजून पुरतं सांगत नाहीत. दंड लागला नाही. बंद झाल्याचा दाखला घेऊनच दोघी उठल्या.

घरी येऊन मी हिशेब केला. इतक्या खटाटोपात वाचलेलं व्याज जेमतेम पावणेचारशे रुपये. हे मी ताईंना सांगितलं, लपवलं नाही. त्या हसल्या. “पण 1,940 चा हप्ता सुटला की. आणि फोन आता मी उचलते.” ते मी पाहतच होते. मोबाइल टेबलावर होता, उताणा.

दुसरं गटकर्ज आता चालू आहे, सुटलेला हप्ता तिकडे वळवलाय. बोरमाळ अजून सोसायटीत. नणंदेच्या 15,000 बद्दल ताईंनी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी शिवणाची गोष्ट सुरू केली. मंगळवारी कागद वाचताना ताई त्या ओळीपाशी येतात आणि थांबतात. अक्का थोडा वेळ वाट बघतात, मग हळूच म्हणतात, “मुंदे.”