मंडळीला पट्टी झेपत नाही, काय करावे?

प्रश्न : मी चर्चच्या आराधनेत गिटारवर गाणी घेतो. ‘जी’ (G) या पट्टीत मला सोपे जाते, पण कडव्याच्या शेवटी मंडळी गप्प होते. पट्टी उतरवायला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी) गिटारच्या दुसऱ्या घरात लावला, तर आणखीच बिघडले. किती थिअरी शिकावी लागेल?

उत्तर : थोडीच. कॅपो स्वर चढवतो, उतरवत नाही. बोटांनी ‘जी’चेच आकार धरल्याने तुमचे गाणे ए पट्टीत गेले.

आधी गाण्यातला सर्वांत उंच स्वर शोधा. न शिकलेले गळे साधारण वरच्या डीपर्यंत आरामात जातात. तुमच्या गाण्यात तो ई असेल, तर दोन अर्धस्वर (गिटारवर एक घर म्हणजे एक अर्धस्वर) खाली या, म्हणजे पट्टी ‘जी’ऐवजी एफ.

आता कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) नावांनी नव्हे, आकड्यांनी पाठ करा. मेजर स्केलची, म्हणजे पट्टीतल्या सात स्वरांच्या क्रमाची, अंतरे अर्धस्वरांत २-२-१-२-२-२-१. त्यातल्या १, ४, ५ या क्रमांकांच्या स्वरांवर मेजर आणि २, ३, ६ वर मायनर कॉर्ड बसतात. सातवी डिमिनिश्ड, ती सध्या सोडा. बरीच गाणी १, ४, ५, ६ वरच चालतात. जीमध्ये त्या जी, सी, डी, ई मायनर. एफमध्ये एफ, बी फ्लॅट, सी, डी मायनर. बी फ्लॅटचा बार (एकाच बोटाने अनेक तारा दाबणे) जड जातो, म्हणून कॅपो तिसऱ्या घरात लावून डीचे आकार वाजवा: डी, जी, ए, बी मायनर. कीबोर्डवाल्याला मात्र ‘एफ’ सांगा, ‘डी’ नाही. निम्मा गोंधळ तिथेच होतो.