मान्यता, संलग्नीकरण, अधिस्वीकृती

प्रश्न: लॉ कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘मान्यताप्राप्त, संलग्न, नॅक अधिस्वीकृत’ असे शब्द ओळीने येतात. अर्थ एकच ना?

एकच नाही. देणारे तिघे वेगळे आणि देतात तेही वेगळे.

संलग्नीकरण विद्यापीठ देते. बोलताना ‘संलग्नता’ खपते, पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधला शब्द संलग्नीकरण हाच. नव्या कॉलेजला आधी शासनाचे इरादापत्र, मग अंतिम परवानगी आणि त्यानंतर हे.

घोळ होतो तो ‘मान्यता’ या सैल शब्दाने. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ७ नुसार बार कौन्सिल ऑफ इंडिया (वकिली व्यवसायाची देशपातळीवरची नियामक संस्था) मान्यता देते ती विद्यापीठांना, म्हणजे ज्यांची विधी पदवी सनदेसाठी, वकिलीच्या परवान्यासाठी, ग्राह्य धरायची त्यांना. कॉलेजच्या वाट्याला येते ते संलग्नीकरणाला दिलेले अनुमोदन. २००८ च्या विधी शिक्षण नियमांखालचे हे अनुमोदन अभ्यासक्रमागणिक, तुकडीगणिक (तुकडी जास्तीत जास्त ६० जणांची) आणि सहसा ठरावीक मुदतीचे असते. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला ते आहे म्हणून पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.लाही असेलच असे नाही. ‘मान्यताप्राप्त’ म्हटले की नेमका हा तपशील गळतो, आणि कित्येकदा तो गळावा म्हणूनच तसे छापलेले असते! भरीला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कायद्यातल्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांखालच्या नोंदींनाही लोक मान्यताच म्हणतात. त्यातल्या १२(बी)चा संबंध केंद्रीय अनुदानाशी. सनदेशी दोन्हींचा नाही.

अधिस्वीकृती नॅकची, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची. हिंदीत ‘प्रत्यायन’, मराठीत पत्रकारांच्या अधिस्वीकृती पत्रिकेमुळे आपला शब्द आधीच रुळलेला आहे, तोच ठेवावा. यात संस्थेच्या गुणवत्तेचे मूल्यांकन होते, वर्ग चालवायचा परवाना मिळत नाही. ‘अ’ श्रेणी मिरवणाऱ्या कॉलेजचे बार कौन्सिलचे अनुमोदन संपलेले असू शकते.

त्यामुळे ‘बार कौन्सिलशी संलग्न’ साफ चूक, ‘नॅक मान्यताप्राप्त’ ढिसाळ. नेमके लिहायचे तर: ‘अमुक विद्यापीठाशी संलग्न, तीन वर्षीय एलएल.बी.च्या दोन तुकड्यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अमुक शैक्षणिक वर्षापर्यंत अनुमोदन. नॅक अधिस्वीकृती, श्रेणी अमुक.’ प्रवेश घेणाऱ्याने यातला मधला, अनुमोदनाचा भाग आधी वाचावा आणि अनुमोदनपत्रातला अभ्यासक्रम, तुकड्या व वर्षे आपल्या प्रवेशाशी ताडून पाहावीत.